गर्भपात आणि जंतुदोष : अल्प खर्चात स्त्रीचे प्राणरक्षण
(दिघोरी, जि. भंडारा येथील स्त्री-पुरुषांपुढे करावयाच्या भाषणाचा मजकूर)



ज्या गोष्टीविषयी आपल्या घरांत केवळ कुजबूज होते, त्या गर्भपाताविषयी आज उघडपणे बोलणे मी माझे कर्तव्य समजतो. १९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. स्त्रीच्या देहाचे दुःख हा चव्हाट्यावर मांडण्याजोगा सार्वजनिक प्रश्न आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले. मग आपणच का लाजावे?

चोरून केलेल्या गर्भपातात स्त्रीचा जीव घेणारी मोठी कारणे दोन : रक्तस्राव आणि जंतुदोष. काडी, मुळी, न उकळलेले हत्यार वा मळके हात यांवाटे जंतू गर्भाशयात शिरतात व तेथून रक्तात पसरतात. हे दैव नव्हे. यास कारण आहे, आणि कारण दूर केले की दुःखही टळते.

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्यास लावले. एप्रिलमध्ये शेकडा १८ च्या घरात असलेले मातांचे मृत्यू काही महिन्यांतच शेकडा २ च्या आसपास आले. हात धुण्यास किती खर्च येतो, याचा आपणच विचार करावा.

पिशवी साफ करण्यापूर्वी प्रतिजैविक औषधाची मात्रा द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मलावी, पाकिस्तान, टांझानिया व युगांडा येथे आपोआप पोट पडलेल्या ३,४१२ स्त्रियांवर झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, काटेकोर कसोटीने मोजलेला जंतुदोष औषध न मिळालेल्यांत शेकडा २.६, तर मिळालेल्यांत १.५ आढळला. सैल कसोटीने मात्र फरक निर्णायक ठरला नाही. औषधे साधी व स्वस्त होती. परंतु ती डॉक्टरानेच द्यावयाची असतात. केवळ गोळ्यांनी होणाऱ्या गर्भपातात अशी मात्रा सरसकट देण्याची आवश्यकता नाही.

कायदाही आपल्या बाजूस आहे. १९७१ चा गर्भपात कायदा १९७२ पासून अमलात आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार, कायद्यात सांगितलेल्या कारणांसाठी, वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांस चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांचे लागते. अठरा वर्षांवरील सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. पतीची सही कायद्याने मागितलेली नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीसही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीचा समान लाभ दिला.

म्हणून आपणांस माझे सांगणे इतकेच : वैदूकडे वा चोरट्या दवाखान्यात जाऊ नका. आशाताईंना विचारा, सरकारी दवाखाना गाठा. डॉक्टरांनी हात धुतले काय, साधने निर्जंतुक आहेत काय, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. गर्भपातानंतर ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पोटात तीव्र वेदना किंवा न थांबणारा रक्तस्राव दिसल्यास उजाडण्याची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालयात न्या.

आणि पुरुषांनो, अशा वेळी तिला दोष देत बसू नका. आधी गाडी जुंपा.

जय भीम.