गाठीचं पाणी तोडणाऱ्या गोळ्या



सांगलीत हळदीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "हळदीनं कॅन्सर बरा होतो." यात कणभर तथ्य आहे, पंचाईत तीच आहे. हळदीतलं कर्क्युमिन गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, असं प्रयोगशाळेत दिसलंय. पण पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते हळद म्हणून. औषध म्हणून नव्हे.

रक्तवाहिन्यांचा मुद्दा मात्र खरा आहे. तो १९७१ साली बोस्टनच्या ज्युडा फोकमन या सर्जननं मांडला. कॅन्सरची गाठ एकदोन मिलिमीटरच्या पुढं वाढायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो. मग ती शेजारच्या रक्तवाहिनीला फूस लावून आपल्याकडं पाट काढून घेते. पाटाचं पाणी तोडलं तर उसाचं काय होतं, हे कृष्णाकाठाला मी काय सांगावं! फोकमनना तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. या तत्त्वावरचं बेव्हॅसिझुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत मंजूर व्हायला २००४ साल उजाडलं. औषध चांगलं, पण महागडं.

आता आपल्याकडं या. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री सातारा-सांगलीच्या खेड्यांत बायका वर्षानुवर्षं हिरड्यांना चोळतात. पुरुषांकडं चुना-तंबाखू, गुटखा. तोंडाचा कॅन्सर बळावतो तो बहुतेकदा यातूनच, आणि दवाखाना गाठेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

अशाच, ऑपरेशनच्या पलीकडं गेलेल्या रुग्णांसाठी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं वेगळा विचार केला. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी दोन जुनी, स्वस्त औषधं निवडली. मेथोट्रेक्सेट, जे आमवातालाही देतात, आणि सेलेकॉक्सिब, म्हणजे सांधेदुखीची गोळी. नेहमीच्या केमोथेरपीत मोठा डोस देऊन तीन आठवडे थांबतात. तेवढ्यात गाठीच्या रक्तवाहिन्या पुन्हा सावरतात. थोडं थोडं औषध सतत चालू ठेवलं तर त्यांना ती उसंत मिळत नाही.

तोंडाचा कॅन्सर ज्यात मोडतो त्या डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ४२२ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाचं सलाईन, निम्म्यांना या गोळ्या. २०२० साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये निकाल छापून आला: सलाईनवाल्यांपैकी निम्मे ६.१ महिन्यांपलीकडं जगले, गोळ्यावाल्यांपैकी निम्मे ७.५ महिन्यांपलीकडं. त्रासही गोळ्यांचा कमी.

सुमारे दीड महिना जास्त, एवढंच? हो, एवढंच. आजार बरा झाला असं कुणी म्हणत नाही. पण जतच्या किंवा माणच्या माणसाला सलाईनसाठी दर खेपेला गाडीभाडं काढून, सोबत एक माणूस घेऊन मिरजेला, कराडला जावं लागतं. शेवटचे महिने त्याला आपल्या घरात, आपल्या माणसांत काढता आले, तर त्याचं मोल मला त्या आकड्याहून मोठं वाटतं.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी ध्यानात ठेवावी. या उपचारात सेलेकॉक्सिब रोज दोनदा घेतात, पण मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ते चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. म्हणून डॉक्टरांकडून वार ठरवून घ्या आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून ठेवा.