दुसऱ्या रात्रीची गोष्ट

मंडळी, पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘मराठी साहित्यापुढील आव्हाने’ असा छापलाय. छापणाऱ्याचा दोष नाही, दरवर्षी तीच ओळ छापायची सवय आहे. पण त्या आव्हानांवर मागचे अध्यक्ष सव्वा तास बोलून गेले आणि आव्हानं जिथल्या तिथं आहेत. मी आज भुताच्या सिनेमांवर बोलणार आहे. त्यातही दुसऱ्या भागांवर. वेळ उरला तर तिसऱ्याही.

पहिल्या रांगेतले दोन-तीन चेहरे आत्ताच उतरलेले दिसताहेत. त्याला इलाज नाही, राजेहो. सकाळच्या परिसंवादात याच माइकवरून एक विद्वान म्हणाले की भयकथा म्हणजे प्रवासात वाचून सीटवर टाकून द्यायचा माल. ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, तिथं येऊन असं बोलायला मोठी हिंमत लागते. मी त्यांना एवढंच म्हणतो, कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयात जा आणि कोणत्या पुस्तकांची शिवण उसवली आहे ते पाहा. नारायण धारपांचं पुस्तक दोनदा बांधून घेतलेलं असतं, तरी पहिली चार पानं गायब. आपल्यापैकी अनेकांचे संग्रह मात्र आले तसे कोरे करकरीत असतात. माझाही आहे.

आता त्याच धारपांची एक गोष्ट. १९९३ साली आपल्या विदर्भातल्याच नागझिऱ्याच्या जंगलात राही अनिल बर्वे नावाच्या पोराला एका मित्राने रात्री धारपांची ‘आजी’ ही कथा सांगितली. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’वाल्या अनिल बर्व्यांचा हा मुलगा. पोरगं टरकलं आणि त्या टरकण्यातून पुढं २०१८ साली ‘तुंबाड’ आला. धारपांनी ती कथा बेतली होती स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वर आणि सिनेमाचं नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी पुण्यात आली, पुण्याहून नागझिऱ्यात आणि तिथून कोकणातल्या वाड्यात जाऊन बसली. यात पहिला भाग कोणता, सांगा बरं! वर गंमत अशी की २०१८ साली ज्याच्याकडं लोकांनी फारसं वळून पाहिलं नाही, तोच सिनेमा सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला करून गेला. तोच सिनेमा, तीच रिळं. बदललो आपण.

म्हणून ‘पहिला तो पहिला, पुढचे सगळे पैशासाठी’ हा जो चहाच्या टपरीवरचा आणि वर्तमानपत्रातलाही ठरलेला निकाल आहे, तो मला मान्य नाही. अमेरिकेतल्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चं उदाहरण घ्या. तो मुखवटेवाला जेसन सगळ्यांना ठाऊक आहे. पण १९८० च्या पहिल्या भागात खून करते ती जेसनची आई. जेसन स्वतः हातात हत्यार घेतो दुसऱ्या भागात आणि तो प्रसिद्ध मुखवटा त्याला मिळतो १९८२ च्या तिसऱ्या भागात. जे पहिल्या भागाची आरती ओवाळतात, ते खरं म्हणजे तिसऱ्याचा प्रसाद खात असतात. त्याच साली ‘हॅलोवीन’चा तिसरा भाग आला. त्यात नेहमीचा खुनी मायकेल मायर्स नाही म्हणून लोक चिडले, सिनेमा आपटला. आज त्याच भागाला मानणारी मंडळी निघाली आहेत.

आपल्याकडचा जेसन म्हणजे अण्णा नाईक. हसू नका.

फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर रात्री साडेदहाला ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. नाईकांचा वाडा, अण्णा नुकतेच गेलेले, सगळं खानदान जमलेलं. आमच्या घरी वऱ्हाडी सोडून दुसरं काही न बोलणाऱ्या बायका भांडी घासताना मालवणी बोलू लागल्या. पांडूचं ते विसरणं घरोघरी गेलं. प्रल्हाद कुडतरकर नुसता पांडू झाला नाही, लिहिणाऱ्यांतही तो होता. पण मी आज इथं उभा राहून सांगतो, पहिला भाग धूर फार करतो. खिडकी वाजते, कावळा ओरडतो, सून दचकते, उद्या पाहा. महिनोन् महिने दार उघडतंय आणि दारात कुणी नाही.

जानेवारी २०१९ मध्ये दुसरा भाग आला, तो मागं गेला. अण्णा जिवंत, त्याची प्रेयसी शेवंता जिवंत. म्हणजे लेखकाने रहस्य स्वतःच्या हाताने जाळून टाकलं, कारण अण्णा मरणार हे शेंबड्या पोरालाही माहीत. उरलं काय? उरला तो माणूस. माधव अभ्यंकरांचा अण्णा गडग्यावरून शेजाऱ्याच्या जमिनीकडं ज्या नजरेनं पाहतो, त्याच नजरेनं शेवंतेकडं पाहतो, आणि घरात त्याची बायको माई ताट वाढून बसलेली असते. अपूर्वा नेमळेकरची शेवंता चहाचा कप पुढं करते तेव्हा त्या कपात विष आहे की नाही याची भीती नाही वाटत. तो कप घेणाऱ्याची वाटते. खिडकी वाजवायची गरजच पडत नाही. भूत कसं तयार होतं ते त्या भागात दिसलं. जमिनीच्या हावेतून, बाईच्या हावेतून आणि आजूबाजूच्यांच्या गप्प बसण्यातून. मराठीत आजवर निघालेल्या दुसऱ्या भागांत माझा पहिला नंबर याला. साहित्य अकादमीवाल्यांनी नाक मुरडलं तरी.

दोष आहे, तोही सांगतो. लोक अण्णाच्या प्रेमातच पडले. शेवंतेवरचे विनोद फोनाफोनी फिरले, आमच्या घरातही फिरले आणि माई कुणाच्या लक्षात राहिली नाही. तो दोष मालिकेचा किती आणि आपला किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. २०२१ चा तिसरा भाग मी खाली टाकतो. त्यात अण्णा-शेवंता भुतं होऊन आली आणि बोलतच सुटली. भूत बोलायला लागलं की गावचा सरपंच होतं. शेवंतेची नटी मधेच बदलली हे कारण लोक देतात, पण ते खरं कारण नव्हे.

‘झपाटलेला’बद्दल थोडं वेगळं बोलावं लागतं, कारण तिथं भावना आड येतात. १९९३ चा तो सिनेमा आम्ही भाड्याच्या व्हीसीआरवर गणपतीत पाहिला. बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू जिना चढायला लागला आणि लाईन गेली. अख्खी आळी अंधारात. कुणी हललं नाही, कारण तो जिना चढतोच आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पाऊण तासाने लाईन आली तेव्हा समोरच्या पोरांनी आधी मागं वळून पाहिलं, मग पडद्याकडं. अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’चा हा भाऊबंद, हे मान्य. पण रामदास पाध्यांची बाहुली, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि स्वतः बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा लक्ष्या, हे रसायन महेश कोठाऱ्यांचं. बाहुली बोलवणाऱ्याशीच बाहुली बोलायला लागते, ही खरी भीती होती. २०१३ ला दुसरा भाग थ्रीडीत आला तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे जाऊन आठ वर्षं झाली होती. नायक झाला गोष्टीतल्या लक्ष्याचा मुलगा. मी एका थेटरात तो पाहिला, चष्म्याची एक काच अशी खरचटलेली की तात्या विंचू मला एका डोळ्यापुरताच पुढं आला. लोक म्हणतात, थ्रीडीमुळं बिघडला. मी म्हणतो, लक्ष्याच्या जागी रिकामी खुर्ची ठेवून त्या खुर्चीवर सिनेमा काढायचा होता. तो धीर झाला नाही. तरी त्याला मी मधला नंबर देतो, शेवटचा नाही.

शेवटचा राखून ठेवलाय रामगोपाल वर्मांच्या ‘फूंक’साठी, दोन्ही भागांसह. २००८ चा पहिला, २०१० चा दुसरा. कारण ऐका. पहिल्या भागात देव-धर्म न मानणारा एक बांधकामवाला आहे, त्याच्या पोरीवर करणी होते आणि शेवटी हरतो तो त्याचा नकार. मांत्रिक जिंकतो. आपण कोणत्या जिल्ह्यात बसलोय? गाडगेबाबांच्या. शेणगावात जन्मलेल्या त्या माणसाने आयुष्यभर कीर्तनातून नवस, अंगात येणं, भगत-मांत्रिक यांची सालटी काढली. २० डिसेंबर १९५६ ला त्यांनी देह ठेवला तोही वलगावजवळ, पेढीच्या पुलापाशी. जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१३ साली केला, दाभोलकर गेल्यावर. आणि पडद्यावर शेवटच्या रिळात अजूनही लिंबू-मिरची घेऊन मांत्रिकच येतो. भूत गोष्टीत असावं, अंगात नसावं. मला भुताचा सिनेमा आवडतो तो याच अटीवर.

ही अट ‘लपाछपी’ पाळतो. विशाल फुरियांचा २०१७ चा हा सिनेमा, उसाच्या फडातलं एकटं घर, पोटुशी बाई आणि तिची काळजी घेणारी उषा नाईक. पोटातल्या मुलींना मारणाऱ्या घरात भूत कोण, हे विचारायला तिथं मांत्रिक लागत नाही. आता पुढची गंमत बघा. त्याचा हिंदी अवतार ‘छोरी’ २०२१ ला आला आणि २०२५ ला ‘छोरी २’. फुरियाच दिग्दर्शक. म्हणजे मराठी मुळाला दुसरा भाग नाही, दुसरा भाग मिळाला तो हिंदीच्या नातवाला. आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ तर सरळ हिंदीतच जन्मला. भूत कोकणातलं, पिंपळ कोकणातला, बोली हिंदी. भयकथेला सीटवर टाकायचा माल म्हणणाऱ्यांना मी विचारतो, माल उचलून नेणाऱ्याला आता चोर म्हणता येईल काय?

आणि भूत कोकणातलंच काहून असतं, बाप्पा? कापसाच्या पट्ट्यात कुणी मरत नाही काय? इथं कुणाच्या विहिरीत कुणी पडलं नाही?

माझा आजा ज्वारीच्या जागलीला मला सोबत न्यायचा. माळ्यावर घोंगडं, हातात टेंभा, डुकरं हाकायला पत्र्याचा डबा. पहिल्या रात्री त्याने विहिरीवरची बाई सांगितली. पांढरं लुगडं, मोकळे केस, रहाटावर हात. ठरलेला माल. मी घाबरलो, पण झोपलो. दुसऱ्या रात्री म्हणाला, “ते बाई कोन व्हती, माहीत हाय काय तुले? सालदाराची बायको व्हती.” मग तिचं नाव सांगितलं. लेकरं किती होती, तिला कापूस वेचायला किती मिळायचं, वाड्यावर तिला रात्री कोण बोलवायचं, सगळं सांगितलं. त्या रात्री मी झोपलो नाही. डब्यावर काठी मारायचंही सुचलं नाही, डुकरं चार ओळी खाऊन गेली.

तिसऱ्या रात्री मी विचारलं, वाडा कोणाचा? आजा गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, “झोप आता. सकाऊन कापूस येचाले जा लागते.”

त्या वावराचा सातबारा आज माझ्या नावावर आहे. तिसऱ्या रात्रीची गोष्ट मी चाळीस वर्षं लिहितोय, पहिल्या वाक्याच्या पुढं सरकत नाही. संयोजकांनी वेळ संपल्याची चिठ्ठी दोनदा पाठवली आहे, मी दोन्ही खिशात घातल्या. आता बसतो.