मिशनऱ्याचे घर आणि मुलांची शाळा

(ज्युबिली महोत्सवाच्या पालकसभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या दिवसांत 'घर आणि मुलांचे शिक्षण' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, याबद्दल मी मंडळींचा ऋणी आहे. या विषयावर उपदेश करणारे पुष्कळ आहेत, आणि उपदेश ऐकून आपणही थोडे थकलो आहो. म्हणून आज मी एका कुटुंबाची हकिगत सांगणार आहे. ते कुटुंब आपल्या गावचे नव्हे, आपल्या देशाचे नव्हे, आणि आपल्या पंथाचेही नव्हे. तथापि त्याची कथा ऐकून प्रत्येक आईबापाने आपल्या घराकडे एकवार वळून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

मिशनरी म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पांढरा झगा घातलेला एकटा फादर उभा राहतो. त्यास बायको नाही, मूल नाही. ज्या गावी तो जातो ते गाव हेच त्याचे कुटुंब. प्रॉटेस्टंट मिशनरी मात्र बहुधा पत्नीसह परदेशी जात. त्यामुळे आपल्या फादरांस कधी न पडणारा एक प्रश्न त्यांच्या दारी उभा राही. दुसऱ्यांची मुले शिकविण्यासाठी जो समुद्र ओलांडून आला, त्याने स्वतःची मुले कोठे आणि कशी शिकवावी?

बोस्टन शहरी अमेरिकन बोर्ड नावाची एक मिशनरी संस्था होती. 1813 साली मुंबईस उतरलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे याच संस्थेचे. म्हणजे आपल्या मराठी मुलखाशी तिचा संबंध जुना आहे. याच संस्थेने 23 ऑक्टोबर 1819 रोजी 'थॅडियस' नावाच्या जहाजातून काही माणसे पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांकडे पाठविली. त्यांत आसा थर्स्टन नावाचे पाद्री व त्यांची पत्नी लूसी ही होती. लूसीबाई मूळच्या शाळामास्तरीण. दोघांची ओळख विवाहापूर्वी अवघ्या काही आठवड्यांची. विवाह झाला 12 ऑक्टोबरला, आणि अकराव्या दिवशी जहाजाने नांगर उचलला. दक्षिण अमेरिकेच्या टोकास वळसा घालून, पाच महिन्यांहून अधिक प्रवास करून, 4 एप्रिल 1820 रोजी ते जहाज काइलुआ बंदरात आले.

त्याच जहाजात डॅनियल चेंबरलेन नावाचे एक शेतकरी पत्नी व पाच मुले घेऊन निघाले होते. ते 1823 साली मायदेशी परतले. प्रकृतीचे कारण होतेच. पण या परक्या बेटावर आपल्या मुलांचे कसे होणार, ही चिंताही त्यांस पोखरीत होती. ज्यास पाच मुले त्यास हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला. इतरांस तो पुढे पडावयाचा होता.

थर्स्टन दांपत्य 1823 पासून काइलुआस कायमचे राहिले. त्यांस पाच अपत्ये झाली. थोरली मुलगी पर्सिस 1821 ची. शाळा नाही, दुसरा शिक्षक नाही. सारे शिक्षण आईच्या मांडीवर. पुस्तके व कापडचोपड येई ते बोस्टनच्या जहाजाने, आणि जहाज येई ते वाऱ्याच्या मर्जीने. सकाळी व संध्याकाळी घरची प्रार्थना होई, मग वाचन, लेखन, गणित. आणि या साऱ्याबरोबर त्या बेटावरच्या स्त्रियांना शिकविणे व घरकाम. एका बाईने एका घरात देऊळ, शाळा आणि स्वयंपाकघर ही तिन्ही वर्षानुवर्षे चालविली. आपल्या ज्या माता पहाटे उठून डबा करतात, मुलास प्रार्थना म्हणावयास लावतात आणि मग कामावर जातात, त्यांस या बाईची धाप निराळी सांगावी लागणार नाही.

बाहेरचे कामही मोठे होते. मिशनऱ्यांनी हवाई भाषेस लिपी दिली, 1822 च्या जानेवारीत त्या भाषेतील पहिला मजकूर छापला, आणि 1839 साली संपूर्ण बायबल त्या भाषेत आणले. काइलुआस 1837 साली लाव्हाच्या दगडांचे मोकुआइकाउआ नावाचे देऊळ पुरे झाले. प्रवाळाचा चुना करून ते दगड सांधले आहेत. त्या देवळात आसा थर्स्टन हवाई भाषेत उपदेश करीत.

आणि आता या कथेतील ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे मी ही कथा निवडली.

ज्या भाषेत बाप देवळात बोले, ती भाषा मुलांनी बोलू नये असा त्या घरचा दंडक होता. आवारास दगडी भिंत होती. आत मुलांच्या खोल्या व मुलांचे अंगण निराळे. गावकरी येत ते घराच्या दुसऱ्या भागात. मुलांनी तिकडे जावयाचे नाही व गावच्या मुलांत मिसळावयाचे नाही. लूसीबाईंनी हे लपविलेले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर 1882 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या पुस्तकात ही व्यवस्था त्यांनीच वर्णिली आहे. आपल्या मुलांच्या कानांवर अभद्र गोष्टी पडतील, ती बिघडतील, हे भय त्या आईच्या मनात होते.

बंधुभगिनींनो, त्या आईवर दगड उचलण्याची घाई आपण करू नये. तिच्यापुढे दुसरी वाट कोणती होती, तेही पाहा. ती वाट म्हणजे मुलांस जहाजात बसवून अमेरिकेस नातलगांकडे धाडणे. हायरम व सिबिल बिंगम यांची मुलगी सोफिया 1820 साली त्या बेटांवर जन्मली. 1828 साली, वयाची आठ वर्षेही पुरी झाली नव्हती तोच, तिला अशीच पाठविली. आईबाप स्वतः परतीच्या जहाजात बसले ते 1840 मध्ये. गेली तेव्हा परकरी पोर होती. पुन्हा भेटेपर्यंत ती तरुण स्त्री झाली होती. मधली बारा वर्षे कोणत्या पत्रात मावतील? अशी आणखी पुष्कळ मुले गेली. बोटीवर चढणारे मूल आणि किनाऱ्यावर उभी आई, हे त्या बंदरातले नेहमीचे दृश्य झाले.

लूसीबाईंनी ते टाळण्यासाठी भिंत बांधली. परंतु घरच्या शिक्षणासही एक सीमा असते, आणि मुली मोठ्या झाल्यावर ती सीमा आली. तेव्हा त्या स्वतःच पाचही मुलांस घेऊन अमेरिकेस गेल्या. तेथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, 1841 साली, आईचेच नाव धारण करणारी दुसरी मुलगी लूसी न्यूयॉर्क येथे वारली. बाप त्या वेळी हजारो मैलांवर आपल्या दगडी देवळात होता. ज्या शिक्षणाकरिता एवढा खटाटोप केला, त्याच्या उंबरठ्यावरच लेक गेली. पर्सिसने पुढे माउंट होल्योक येथे विद्या संपादन केली, आणि आईही परत आपल्या बेटावर आली. तथापि त्या प्रवासाची किंमत कोणत्या वहीत मांडावयाची?

या दुःखांतूनच एक शाळा जन्मली. मिशनऱ्यांनी होनोलुलूजवळ पुनाहोऊ येथे आपल्या मुलांसाठी शाळा स्थापिली. 1842 साली डॅनियल डोल या गुरुजींनी तेथे वर्ग सुरू केले. ती आजही नामांकित आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा 1979 साली तेथूनच उत्तीर्ण झाले. मुलांस दूर पाठविण्याची सक्ती संपली. परंतु ती मुळात उभारली ती आपल्या मुलांकरिता, आपल्या भाषेत. भिंत फक्त घराभोवतीची शाळेभोवती गेली.

पुढे काय झाले? 1893 च्या जानेवारीत हवाईची राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले. त्या कटाच्या अग्रभागी लॉरिन थर्स्टन होते. ते आसा व लूसी यांचे सख्खे नातू. त्यानंतर झालेल्या प्रजासत्ताकाचे अध्यक्ष सॅनफर्ड डोल. ते त्या डोल गुरुजींचे पुत्र. त्याच राजवटीत 1896 साली शाळांत इंग्रजीतून शिकविण्याचा कायदा झाला, आणि ज्या भाषेस आजोबांनी लिपी दिली तिचीच शाळेतून हकालपट्टी झाली. 1898 साली बेटे अमेरिकेत सामील झाली. एका आईने बांधलेल्या भिंतीमुळे राज्य बुडाले, असे म्हणणारा मनुष्य मूर्ख ठरेल. साखरेचे मळे, व्यापार, सत्तेचा लोभ ही कारणे फार मोठी होती. शिवाय हायरम बिंगम यांचा त्याच नावाचा मुलगा दूर गिल्बर्ट बेटांवर जाऊन तेथील लोकांची भाषा शिकला व तीत त्याने बायबल उतरविले, हेही विसरता नये. तरीसुद्धा मला राहून राहून वाटते की, शेजाऱ्याचे मूल आपल्या अंगणात खेळावयास योग्य नाही हे जे मूल लहानपणी शिकते, त्यास मोठेपणी शेजाऱ्यास समान मानणे कठीण जाते. पाठ्यपुस्तकातील धडा विसरतो. भिंतीचा धडा विसरत नाही.

आपल्या पवित्र सभेचाही त्या बेटांशी संबंध आहे. 1827 साली तेथे गेलेले पहिले कॅथलिक फादर 1831 साली घालवून दिले गेले, आणि 1839 साली राजाने धर्मस्वातंत्र्य दिले. त्या जुन्या कलहाचा हिशेब आज काढण्याचे कारण नाही. 1864 साली बेल्जियमहून फादर डेमियन तेथे आले. ते हवाई भाषा शिकले, 1873 साली मोलोकाई बेटावरील महारोग्यांच्या वस्तीत राहावयास गेले, तेथील पोरक्या मुलांचे बाप झाले, आणि 1889 साली त्याच रोगाने देवाघरी गेले. 2009 साली त्यांस संतपद मिळाले. त्यांनी आपल्या व त्या लोकांच्या मध्ये भिंत ठेविली नाही. मात्र न्यायाने बोलावयाचे तर त्यांस स्वतःचे मूल नव्हते. मूल असलेल्या आईचे भय निराळे असते. म्हणूनच आपण संसारी माणसांनी संत डेमियन यांस वंदन करावे, पण शिकावे ते लूसीबाईंपासूनही: त्यांच्या कष्टांपासून आणि त्यांच्या चुकीपासून.

कष्टांपासून काय शिकावे? पोप अकरावे पायस यांनी 1929 सालच्या आपल्या परिपत्रात मुलांच्या शिक्षणाचा हक्क व कर्तव्य प्रथम आईबापांचे आहे असे सांगितले, आणि 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबास घरातील ख्रिस्तसभाच म्हटले. म्हणजे धर्मशिक्षण रविवारच्या वर्गावर आणि सिस्टरांवर सोपवून आपण मोकळे होत नाही. माझ्या आईस सही करता येत नव्हती. परंतु संध्याकाळी चुलीपुढे बसवून तिने आम्हांस 'आमच्या बापा' व 'नमो मरिया' शिकविली, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ घरच्या बोलीत सांगितला. आज आमची नातवंडे उत्तम इंग्रजी बोलतात, याचा मला आनंद आहे. पण मराठी मिस्साचा उपदेश त्यांस कळत नाही, आणि आजीची जपमाळ त्यांस परकी वाटते, तेव्हा मला काइलुआचे ते अंगण आठवते. आपण तर स्वतःच्या घरात, स्वतःच्या भाषेविरुद्ध भिंत बांधीत आहो.

आणि चुकीपासून काय शिकावे? आपल्या देवळाच्या आसपास आता नव्या वस्त्या झाल्या आहेत. दूरदूरच्या प्रांतांतून मोलमजुरीस आलेली कुटुंबे तेथे राहतात. त्यांची मुले सणाच्या दिवशी आपल्या फाटकापाशी उभी राहून आत पाहतात. 'त्यांच्यात मिसळू नकोस' असे आपण आपल्या मुलांस किती सहज सांगतो! मूल सांभाळावे, अवश्य सांभाळावे. वाईट संगतीचे भय खोटे नाही. परंतु संगत वाईट की केवळ गरीब, एवढे तरी पाहावे.

हवाईत 1984 साली काही आईबापांनी मिळून लहान मुलांसाठी हवाई भाषेची बालशाळा उघडली. तिचे नाव 'पुनाना लेओ', म्हणजे भाषेचे घरटे. शाळेतून घालविलेली भाषा अशा रीतीने आईबापांनीच हात धरून परत आणली. घरट्यासही कड असते, पण ती पिलू पडू नये म्हणून; आणि पंख फुटले की पिलू तीच कड ओलांडून उडते.

ज्युबिलीच्या या वर्षी देवळास नवा रंग दिला, घंटा दुरुस्त केली, हे उत्तमच झाले. आता आपले घरही असे बांधू या की, आत प्रार्थना आणि विद्या असेल, आणि शेजाऱ्याच्या मुलासाठी दार असेल. पवित्र मरिया व संत जोसेफ यांच्या नाझरेथच्या घरासही दार होतेच. त्याच दारातून बाहेर पडून बाळ येशू गावच्या मुलांत वाढला.

परमेश्वर आपणा सर्वांच्या घरांस आशीर्वाद देवो.