घराभोवतीची झाडे : छाटणीचा विवेक



अठराव्या शतकात भोसल्यांच्या अमलाबरोबर मराठी कुटुंबे छत्तीसगडात आली. त्यांच्या घरांची अंगणे आता आक्रसली आहेत. जी थोडी झाडे उरली आहेत, त्यांच्याविषयी आज बोलावेसे वाटते.

रायपुरात वैशाखाचे वादळी वारे सुटले, की आपण अंगणातल्या झाडाकडे धास्तीने पाहू लागतो. फांदी छपरावर पडेल ही भीती निराधार नाही. मग कुऱ्हाडवाला येतो आणि तासाभरात डेरेदार कडुनिंब बोडका होतो. संकट टळले असे वाटते. वस्तुतः ते पुढे ढकललेले असते. शेंडा उडवला, की कापल्या जागी धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. धुमारे भराभर वाढतात, पण त्यांचा सांधा वरवरचा असतो आणि खालचे लाकूड कुजू लागते. पुढच्या वादळात मोडतात ते हेच.

आपली जखम भरून येते, तशी झाडाची येत नाही. झाड कुजका भाग आत कोंडून त्यावर नवे लाकूड चढवते. अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून हे दाखवून दिले. फांदी खोडाला मिळते तेथे किंचित फुगीर कडे असते. काप त्या कड्याच्या लगत बाहेरून घ्यावा. कडे दुखवू नये आणि खुंटही ठेवू नये. जड फांदी तीन कापांत उतरवावी : खोडापासून हातभर अंतरावर खालून अर्धवट चीर, त्याच्या थोडे पुढे वरून आरपार काप आणि शेवटी उरलेला खुंट. त्यामुळे खोडाची साल सोलवटत नाही. जखमेवर डांबर फासण्याची गरज नाही.

काळाचेही भान हवे. वाळलेली फांदी केव्हाही काढावी. आंबा फळे उतरताच छाटावा. उशीर झाल्यास पुढचा मोहर हुकतो. शेवगा शेंगा संपल्यावर, तर कडुनिंब पानगळीच्या सुमारास छाटावा. एका वर्षात चौथ्या हिश्शाहून अधिक पालवी काढू नये. घरटे असेल तर पिले उडेपर्यंत थांबावे. तारांना टेकलेल्या फांदीला स्वतः हात न लावता वीज कार्यालयास कळवावे.

पालकहो, पुढच्या खेपेस फांदी उतरवताना मुलांना सुरक्षित अंतरावर उभे करा आणि ते कडे दाखवा. करवत कोठे थांबवायची, हे त्यांनी आपल्याच अंगणात पाहिले, तर त्यांच्या हातून उद्याची झाडे वाचतील.