मैत्रीला नियम हवेत

ज्या घरात बौद्धिक अक्षमता असलेलं मूल आहे, तिथले आईवडील साठीच्या पुढे सरकले की एका प्रश्नाने त्यांची झोप उडते : आमच्या पश्चात याचं कसं होणार? त्यावर बहुतेकांकडे दोनच उत्तरं असतात. भावंडं बघतील, नाहीतर एखाद्या संस्थेत ठेवा. दोन्हींत अन्नवस्त्राची आणि औषधपाण्याची सोय आहे. मित्र मात्र कशातच नाहीत. याच प्रश्नाला ख्रिस्ती श्रद्धेतून एक तिसरं उत्तर १९६४ साली फ्रान्समध्ये पुढे आलं. त्रोस्ली-ब्रय नावाच्या गावात ज्याँ व्हानिए या कॅनेडियन गृहस्थाने एक साधं घर घेतलं आणि राफाएल सिमी व फिलिप स्यू या दोघांसोबत तिथे राहायला सुरुवात केली. आईवडील गेल्यावर या दोघांची रवानगी एका मोठ्या, बंदिस्त आश्रयगृहात झाली होती. तिसराही एकजण आला होता, पण त्याला ते मानवलं नाही आणि लगेच परत पाठवावं लागलं. ‘लार्श’ या चळवळीची ही सुरुवात. आज जगभरात दीडशेच्या आसपास ठिकाणी तिचे समुदाय आहेत. आपल्या देशात १९७० मध्ये बंगळूरला ‘आशा निकेतन’ सुरू झालं आणि पुढे चेन्नई, कोलकाता व केरळमध्येही अशी घरं उभी राहिली. या घरांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती एकत्र राहतात. अपंग व्यक्ती आणि त्यांचे सहाय्यक एकाच छपराखाली राहतात, एकाच पंगतीला जेवतात. यातून घडते ती खरी मैत्री असू शकते, पण तिला चांगुलपणावर सोडून चालत नाही, तिला नियमांचा आधार लागतो, असं मला आज मांडायचं आहे.

पहिला आक्षेप तत्त्वज्ञानातून येतो. ॲरिस्टॉटलच्या मते उत्तम मैत्री तोलामोलाच्या, गुणवंत माणसांतच होते. मग ज्याला बोलता येत नाही, विचार मांडता येत नाही, त्याच्याशी मैत्री कसली? ती दयाच, असं कोणी म्हणेल. पण एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, असंही त्याच ॲरिस्टॉटलने सांगितलं आहे, आणि इथे ते जास्त कामाचं आहे. हेन्री नाउवेन हे डच धर्मगुरू येल आणि हार्वर्डमध्ये शिकवत होते. १९८६ मध्ये ते टोरोंटोजवळच्या ‘डेब्रेक’ या लार्श समुदायात राहायला गेले आणि तिथे ॲडम आर्नेट या तरुणाचं सकाळचं सगळं आवरण्याचं काम त्यांच्याकडे आलं. ॲडमला बोलता येत नव्हतं, आधाराशिवाय चालता येत नव्हतं, आकडी यायची. त्याला उठवायचं, औषध द्यायचं, आंघोळ घालायची, दाढी करायची, दात घासायचे, कपडे चढवायचे, धरून स्वयंपाकघरात आणायचं, न्याहारीला बसवायचं. यात दीडएक तास सहज जाई. नाउवेन मनातल्या मनात पुढच्या कामाकडे धावू लागले, हात घाईने चालू लागले, की ॲडमला आकडी येई आणि सगळं थांबे. नाउवेननी लिहिलं आहे की, आपण सावकाश व्हावं हे ॲडम आपल्याला असं सांगत होता. वैद्यकशास्त्र त्या आकडीचं कारण वेगळं सांगेल, तेही मान्य करू. तरी एवढं उरतंच की या माणसाकडे लक्ष देऊन त्याच्या गतीने चालणं भाग होतं, आणि त्या लक्ष देण्यातून दोघांचं नातं घडलं. १९९६ च्या फेब्रुवारीत ॲडम गेला. नाउवेन त्याच्यावर पुस्तक लिहायला बसले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेही गेले. विद्यापीठ सोडून याच्या दाढीत वेळ घालवायचा का, असं त्यांच्या एका स्नेह्याने विचारलं होतं. ते पुस्तक म्हणजे त्याला दिलेलं उत्तरच आहे.

दुसरा आक्षेप अधिक रोकडा आहे. सहाय्यकाला मानधन मिळतं, वर्ष-दोन वर्षांनी तो निघून जातो, आणि मागे राहणाऱ्याने प्रत्येक वेळी नव्याने जीव लावायचा. ही जखम खरी आहे, लार्शच्या घरांना ती रोजची आहे. पण मानधनामुळे नातं खोटं ठरत नाही. मदतीचा प्रवाह एकाच दिशेने वाहू लागला, की ते खोटं होतं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी लार्शच्या घरांत सगळे गोलाकार बसतात. प्रत्येकजण शेजाऱ्याचे पाय धुतो, आणि ज्याचे पाय धुतले गेले तो धुणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. काल ज्याला आंघोळ घातली, त्याच्यापुढे आज आपले पाय करायचे. सेवा करण्याची सवय जडलेल्या माणसाला हे फार अवघड जातं. दुर्बळ वाटणारे अवयवच शरीराला अधिक आवश्यक आहेत, ही बायबलमधली संत पौलाची शिकवण चर्चमध्ये वाचली पुष्कळ जाते, घरात उतरते ती अशा वेळी.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. २०१९ मध्ये व्हानिए वारले तेव्हा लोक त्यांना संत म्हणत होते. २०२० साली लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीतून उघड झालं की त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. २०२३ च्या सविस्तर अहवालात १९५२ ते २०१९ या काळातल्या अशा किमान २५ स्त्रियांची नोंद झाली. त्यांच्यापैकी कोणालाही बौद्धिक अक्षमता नव्हती. व्हानिए यांचे गुरू तोमा फिलिप यांना चर्चने १९५६ मध्येच शिक्षा केली होती, आणि त्यांच्याभोवतीचा जुना गट पुन्हा जमवणं हाही लार्शच्या स्थापनेमागचा एक हेतू होता, असं हा अहवाल लिहिणाऱ्या अभ्यासकांच्या समितीने नोंदवलं. यातलं काहीही झाकून ठेवता येणार नाही. पण म्हणून राफाएल आणि फिलिपने त्या घरात काढलेली वर्षं खोटी ठरत नाहीत; ती व्हानिएंच्या मालकीची नव्हती. या प्रकरणातून दिसतं ते हे, की ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही, त्याच्या हाती जवळीक हे हत्यार होतं. म्हणून अशा प्रत्येक घरात, मग ते कितीही प्रार्थनाशील असो, तक्रार ऐकायला बाहेरची व्यक्ती हवी, सहाय्यकांची पूर्वचौकशी हवी, प्रत्येकाला आपल्या खोलीचं दार लावता यायला हवं, आपल्या पैशांचा हिशेब कळायला हवा आणि आज मला तुमच्याबरोबर प्रार्थनेला बसायचं नाही, असं म्हणता यायला हवं. नियमांनी मायेचा ओलावा आटतो, असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ज्याला ‘नाही’ म्हणता येतं, त्याच्याच ‘हो’वर मैत्री उभी राहते.

राहता राहिला आवाक्याचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. मूठभर घरांनी काय होणार? घरं, निवृत्तिवेतन, उपचार ही सरकारचीच जबाबदारी आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याच्या पाचव्या कलमाने अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे आणि अमुक एका ठिकाणीच राहा, अशी सक्ती तिच्यावर होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करावेत, असं म्हटलं आहे. तो हक्क सरकारकडून वसूल करायलाच हवा. पण सोबतीला सरकारी हुकमाची वाट पाहावी लागत नाही. फ्रान्समधल्या एका कुटुंबाला त्यांच्या दोन अपंग मुलांसकट लूर्दच्या यात्रेत सामील करून घ्यायला नकार मिळाला. त्यातून १९७१ च्या ईस्टरला लूर्दमध्येच अपंग व्यक्ती, त्यांचे पालक आणि मित्र अशी सुमारे बारा हजार माणसं जमली, आणि ‘फेथ अँड लाइट’ ही चळवळ जन्मली. तिच्या गटांना स्वतंत्र इमारत लागत नाही. महिन्यातून एकदा चर्चचा हॉल, चहा, गाणी, प्रार्थना आणि गप्पा. आपल्या गावोगावच्या चर्चना हे पुढच्या महिन्यापासूनही जमेल. फक्त दर महिन्याला तीच माणसं पुन्हा आली पाहिजेत.