अक्षरांचा सारीपाट
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



शिष्यवृत्त्या आणि गुणगौरव यांविषयी या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते, व ते योग्यच आहे. ज्या बालकांच्या हाती अद्याप गुणपत्रिका पडलेली नाही, त्यांच्याविषयी मी चार शब्द बोलणार आहे.

आपल्या अनेक घरांतील मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. ती मराठी उत्तम बोलतात. परंतु आजीला चार ओळी लिहावयास सांगितले की लेखणी अडते. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. गोडी लावण्याचे काम घराकडेच राहिले आहे.

वाढदिवसास आपण ‘स्क्रॅबल’ हा इंग्रजी खेळ भेट देतो. खेळ उत्तमच. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने मंदीच्या काळात, नोकरी गेली असता, वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून तो रचला. 1948 साली त्यास आजचे नाव मिळाले. 100 सोंगट्यांपैकी 12 एकट्या ‘ई’च्या, तर ‘क्यू’ची एकच. परंतु हा साचा मराठीस जसाच्या तसा बसत नाही. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द झाला. आपली पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे, उकार त्याच्या पायाशी, मात्रा डोक्यावर! बाराखडीतील प्रत्येक अक्षराची निराळी सोंगटी करावी, तर 34 व्यंजनांच्याच 408 होतात. मूल खेळणार केव्हा?

यावर उपाय सोपा आहे. लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचे चौकोन कापून त्यांवर केवळ मूळाक्षरे लिहावीत. काना, मात्रा, वेलांट्या, उकार हे त्याच मापाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर तांबड्या शाईने काढावेत. ‘क’वर वेलांटीचा तुकडा ठेवला की ‘कि’ तयार. रोम येथे 1907 साली बालगृह काढणाऱ्या माँटेसरीबाईंनीही स्वर व व्यंजने निरनिराळ्या रंगांची करून सुट्या अक्षरांनी मुलांकडून शब्द जुळवून घेतले होते. हात पेन्सिलीस तयार होण्यापूर्वीच मूल शब्द रचू लागते, हा त्यातील मोठा लाभ. जोडाक्षरे मात्र पहिल्या वर्षी वर्ज्य समजावीत.

आता खेळातील खरी गंमत ऐका. एका मुलाने ‘फूल’ मांडले. दुसऱ्यास त्याचे ‘फुलाला’ करून गुण मिळवावयाचे आहेत. त्याने ‘ल’वर काना ठेवला, पुढे ‘ला’ जोडला. पण ‘फ’खालचा दीर्घ उकार उचलून ऱ्हस्व ठेवल्यावाचून गुण नाहीत. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ करतानाही तेच. साहित्य महामंडळाने 1962 मध्ये केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांतील हा नियम वर्गात घोकून घेतला तरी परीक्षेनंतर विसरला जातो. तुकडा बदलणारा हात तो विसरत नाही, असे माझे मत आहे. मग कोणी चतुर मूल ‘शरीर’ मांडील आणि ‘शरीराला’ करताना वेलांटी बदलू पाहील. तेथे त्यास थांबवावे: हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, त्याची वेलांटी दीर्घच राहते. या ठिकाणी वडीलधाऱ्यांतच वाद होतो, असा अनुभव आहे! शब्दकोश जवळ असावा.

कोणत्या अक्षराचे किती चौकोन करावेत, हे मोठ्या भावंडांनी वृत्तपत्राचे एक पान मोजून ठरवावे. बट्सनेही तेच केले.

असे तीन संच प्रवेशद्वाराजवळील मेजावर ठेवले आहेत. ज्यांच्या घरी पाच ते आठ वर्षांची मुले आहेत, त्यांनी ते हाताळून पाहावेत व माप उतरवून न्यावे. पुठ्ठा कापण्याचे काम आजोबांकडे द्यावे. मुलांच्या हाती कात्री नको.