परंपरा, यंत्र आणि श्रमप्रतिष्ठा : तंजावरची एक दिवसाची सहल

(व्याख्यानाचा संपादित भाग)

सकाळी पारंपरिक चहाविधी आणि दुपारी यंत्रमानवांचे दर्शन, अशी एक दिवसाची सहल जपानमध्ये घडवली जाते. वरवर विजोड वाटणाऱ्या या जोडीमागे इतिहास आहे. चहाचा पेला घेऊन पाहुण्यापर्यंत चालत जाणाऱ्या बाहुलीची रचना १७९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘काराकुरी झुइ’ या ग्रंथात आकृत्यांसह दिली होती. अशा बाहुल्या घडवणारा हिसाशिगे तनाका (१७९९-१८८१) पुढे घड्याळे व तारयंत्रांकडे वळला. त्याने १८७५ मध्ये टोकियोत काढलेला कारखाना हे आजच्या तोशिबा उद्योगसमूहाचे एक मूळ होय.

याच सुमारास कावेरीच्या काठी तंजावरचे मराठी राज्य नांदत होते. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८-१८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, १८०५ मध्ये देवनागरी मुद्रणालय सुरू केले आणि धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यकाला एकत्र स्थान दिले. जिज्ञासा जपानइतकीच जागी होती. मात्र १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि १८५५ मध्ये राजाच्या निधनानंतर ते संस्थानही संपुष्टात आले. ज्ञानाला उद्योगाचे रूप देण्यासाठी महसूल, धोरण आणि बाजारपेठ लागते. त्यांवरचा अधिकारच येथे उरला नव्हता.

या पार्श्वभूमीवर तंजावर जिल्ह्यातही अशीच एक सहल आखता येईल. तिचा प्रारंभ तिरुवैयारु येथे व्हावा. संत त्यागराज (१७६७-१८४७) यांची समाधी येथे असून पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती सादर करतात. दुर्लक्षित समाधीवर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मंदिर उभे राहिले, ते बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने आपली कमाई खर्ची घातली म्हणून. परंपरा आपोआप टिकत नाही. तिचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो.

दुसरा टप्पा तंजावर. बृहदीश्वर मंदिरातील भोसले घराण्याचा मराठी शिलालेख (१८०३) आणि ग्रंथालयातील मोडी कागद मराठी माणसाने पाहावेतच. पण कारागिराची बाहुलीही हातात घेऊन पाहावी. गोलाकार, जड तळामुळे तिचा गुरुत्वमध्य खाली राहतो आणि ती कितीही कलंडवली तरी पुन्हा उभी राहते. या बाहुलीला २००८-०९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. या नोंदणीने नावाला कायदेशीर संरक्षण मिळते. योग्य किंमत मिळेलच, याची हमी मिळत नाही.

तिसरा टप्पा कुंभकोणम. गटारांचे मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव येथील नगरपालिकेने २०१८ मध्ये स्वीकारला. तो केरळमधील तरुण अभियंत्यांनी विकसित केला आहे. कॅमेऱ्याच्या साहाय्याने वरून नियंत्रित होणारे हे यंत्र आत उतरून गाळ उपसते; माणसाला उतरावे लागत नाही. गटारे व सेप्टिक टाक्यांची धोकादायक मानवी सफाई २०१३ च्या कायद्याने निषिद्ध ठरवली आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर नेली. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत. म्हणून या यंत्राचे मोल केवळ मजुरीच्या बचतीत मोजणे अपुरे आहे. ज्यांचे काम यंत्राने घेतले त्यांनाच ते चालवण्याचे प्रशिक्षण, नेमणूक आणि वेतन मिळाले, तरच त्याचा सामाजिक लाभ पूर्ण होतो.

अशा सहलीचे अर्थकारणही तपासले पाहिजे. बाहेरून गाडी करून आलेला, बाहेरच जेवणारा व रात्री परतणारा पर्यटक स्थानिक अर्थव्यवस्थेत फारसे काही ठेवून जात नाही. अर्थशास्त्रात यालाच उत्पन्नाची गळती म्हणतात. तीच व्यक्ती स्थानिक वाटाड्या घेते, कारागिराकडून थेट खरेदी करते आणि एक रात्र मुक्काम करते, तेव्हा तोच रुपया गावात अनेक हातांतून फिरतो आणि गुणक परिणाम साधतो.

तेव्हा या सहलीचे यश पर्यटकांच्या संख्येने मोजू नये. बाहुलीच्या किमतीतील किती वाटा कारागिराच्या हाती पडला आणि मॅनहोलमध्ये उतरणारा माणूस यंत्रचालक झाला की बेरोजगार, हे दोन प्रश्न सांस्कृतिक पर्यटन व तंत्रज्ञान यांच्या प्रत्येक योजनेला विचारावे लागतील. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि पुढे प्रशासनात निर्णय घेतानाही विद्यार्थ्यांनी ते विसरू नयेत.